बर्फाआधीचे तळे

उन्हाळा जवळ आला की मराठी वर्तमानपत्रांत युरोपच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत स्वित्झर्लंड म्हणजे बर्फ! टिटलिस आणि युंगफ्राउ मोठ्या अक्षरांत. ल्युसर्न, इंटरलाकेन ही वाटेवरची तळ्याकाठची गावे मात्र बारीक टायपात. ल्युसर्नला बसमधून उतरायचे, लाकडी पूल आणि खडकात कोरलेला सिंह पाहायचा, चॉकलेटे घ्यायची की निघाले. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, २०१६ साली बसवलेला. त्याच्याशेजारी फोटो झाला की गाव झाले. त्या गावाच्या नावाचा अर्थच ‘तळ्यांच्या मधले’ असा आहे. पण थुन आणि ब्रिएंझ ही ती दोन तळी पाहायला वेळ कुणाला?

मित्रहो, माझे मत असे की हा क्रम उलटा आहे. मी स्वित्झर्लंडला गेलेलो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेव्हा इतक्यात तसा योगही नाही. पण वाशीच्या माणसाला नवल वाटावे ते तळ्याचे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. तिकडे झुरिक शहर पिण्याचे सुमारे ७० टक्के पाणी समोरच्या तळ्यातून उचलते!

कोणी म्हणेल, त्यांना देवानेच दिले. पाणी दिले असेल. स्वच्छता दिली नाही. १९६०-७० च्या सुमारास तिथली कित्येक तळी सांडपाण्याने आणि धुण्याच्या साबणातल्या फॉस्फेटने शेवाळून गेली होती. काही ठिकाणी पोहायलाही बंदी होती. मग गावोगाव सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभी राहिली आणि १९८६ साली कपड्यांच्या साबणात फॉस्फेट घालण्यास कायद्याने मनाई झाली. आज त्याच तळ्यांत लोक पोहतात. एवढी गोष्ट समजून घ्यायला ल्युसर्नला एक दुपार जास्त होते काय? शिवाय डोंगर चुकत नाही. ल्युसर्नहून आगबोटीने फित्स्नाउला जावे. तिथून रिगीवर दातेरी रुळांची गाडी १८७१ पासून चढते आहे.

सगळा दोष सहल कंपन्यांना देऊ नये. गिऱ्हाईकच बर्फ मागते, कारण सिनेमाने त्याला बर्फ दाखवला. आणि आपण तरी काय करतो? ७२ च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने खडी फोडून, डोक्यावर माती वाहून या भागात पाझर तलाव बांधले. पावसाळ्यात आपला बेत ठरतो तो येडशीच्या रामलिंगाचा, धबधब्यासाठी. वाटेतल्या तलावाशी मोटारसायकल थांबते ती रिकामी पाकिटे पाण्यात भिरकावण्यापुरती.