पालकांचा पहिला प्रश्न

शाळेतून आलेले मूल दप्तर कोपऱ्यात टाकते, पानावर बसण्यास तयार होत नाही, आणि आईने दोनतीनदा खोदून विचारल्यावर सांगते की, आज वर्गात मला मारले. अशा वेळी आपल्या सुशिक्षित घरांतून निघणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘तू काय केले होतेस?’ या चार शब्दांनी मूल आरोपी ठरते आणि मारणारा तत्क्षणी निर्दोष सुटतो. पुढची हकीकत मूल पोटातच ठेवते. आणि उद्या याहून भयंकर काही घडले, तर ते सांगण्यासाठी ते आईबापांकडे येत नाही.

हा प्रश्न दुष्टपणाने विचारला जातो असे आम्ही म्हणणार नाही. छडीवाचून विद्या नाही, या समजुतीत आपल्या पिढ्या वाढल्या. त्यात आता प्रवेशासाठी घातलेल्या खेटा आल्या, दहावीचे वर्ष आले, आणि ‘तक्रार केली तर पोरावर डूख धरतील’ ही धास्तीही आली. मग कोणी गप्प बसतो. कोणी दाखला काढून मूल दुसऱ्या शाळेत घालतो आणि पहिल्या शाळेतील उरलेली मुले त्याच हाताखाली सोडून देतो. तर कोणी चार माणसे घेऊन शिक्षकाची गचांडी धरतो आणि सायंकाळपर्यंत स्वतःच आरोपी होऊन बसतो. या तीनही मार्गांत मुलाचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

या बाबतीत आम्हीही निर्मळ नाही, हे कबूल केले पाहिजे. संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. गालावर पाच बोटे उमटलेल्या मुलाला घेऊन एकदा त्याचे वडील आले होते. आम्ही त्यांना चहा पाजला, गुरुजनांच्या हेतूविषयी चार गोड वाक्ये ऐकविली आणि वाटेला लावले. ते गृहस्थ हात जोडून उठले. मुलगा दाराशी उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. तो वडिलांकडे पाहत होता. ती नजर आम्ही अद्याप विसरलो नाही.

आज त्या वडिलांच्या हाती कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली असून, ती मोडणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. लैंगिक अत्याचारासंबंधी २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा तर याहून कडक आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्यास कळेल त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. ‘संस्थेची अब्रू सांभाळा, आपसांत मिटवू’ असे सांगणारा मुख्याध्यापक म्हणजे पालकांचा हितचिंतक नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तथापि कायदा पुस्तकात असणे निराळे आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर तो पदरात पडणे निराळे. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरची घटना वाचकांच्या स्मरणात असेल. तेथील पालकांनी बालवर्गातील चिमुरड्या मुलींचा शब्द खरा मानला, त्यांना दोष दिला नाही, आणि ते तडक पोलिसांकडे गेले. आईबापांनी जे करावयाचे ते सारे त्यांनी केले. तरीही तक्रार नोंदली जाण्यासाठी त्यांना तासन्‌तास तिष्ठत बसावे लागले. २० ऑगस्टला संतप्त जमावाने रेल्वे रोखली, तेव्हा कोठे यंत्रणेस खडबडून जाग आली. उच्च न्यायालयानेही प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. काहींनी पेढे वाटले. परंतु त्याच्यावरील आरोपाचा निवाडा न्यायासनासमोर व्हावयाचा होता, तो कायमचा राहून गेला. जमावाचा संताप समजण्यासारखा होता. पण प्रत्येक मुलासाठी रेल्वे रोखता येत नाही. प्रत्येक मुलाला हवा असतो तो वेळेवर नोंदलेला जबाब आणि शेवटापर्यंत चाललेला खटला.

म्हणून पालकांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मूल बोलू लागले की त्याचे शेवटपर्यंत ऐका. शेजारीपाजारी, मामा-काकांसमोर तीच कथा त्यास पुनःपुन्हा सांगावयास लावू नका. इजा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि दाखला घ्या. मारहाणीची तक्रार लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. तोंडी तक्रार शाळेच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतच जिवंत असते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर शाळेच्या चौकशीची वाट न पाहता पोलिसांकडे जा. कोठे जावे हे सुचेनासे झाले तर १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा आहे. आणि मारणारे मूल आपलेच असेल, तर ‘पोरे भांडतातच’ असे म्हणून त्यास पाठीशी घालू नका.

यावर शिक्षकमंडळी म्हणतील की, खोट्या तक्रारींनी आमचे शिकविणे अशक्य होईल. ही भीती अगदीच अनाठायी नाही. परंतु निरपराध शिक्षकाचेही खरे रक्षण लेखी तक्रार व रीतसर चौकशी यांनीच होते; कुजबुज आणि घोळका यांच्यापुढे त्याची बाजू ऐकण्यास कोणीच नसते.

हे सारे पुढचे झाले. आरंभ मात्र घरातच, त्या पहिल्या प्रश्नापाशी होतो. ‘तू काय केले होतेस?’ हे विचारण्यास पुढे पुष्कळ वेळ आहे. आधी मुलाला जवळ घ्या आणि विचारा : ‘कोठे लागले तुला?’