नाव पुसणार कंपनी, भुर्दंड भरणार ग्राहक?

मूल तेच, बारसे मात्र पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक बारशाचा खर्च शेजाऱ्याच्या माथी! असा उद्योग आपल्या गल्लीत कोणी आरंभला, तर त्याला दारात कोणी उभे करणार नाही. स्वित्झर्लंडच्या महागड्या घड्याळांच्या व्यवसायात मात्र हाच प्रकार ‘नवी ओळख’ या भारदस्त नावाखाली प्रतिष्ठा पावला आहे. तबकडीवरचे नाव किंवा बोधचिन्ह बदलले की काल विकत घेतलेले घड्याळ आज ‘जुने’ ठरते. वस्तुतः आतले यंत्र तेच असते आणि वेळही तितकीच अचूक दाखवते.

एक गाजलेले उदाहरण पाहा. एडुआर्ड हॉयर यांनी १८६० साली स्थापन केलेल्या कंपनीचे ‘कॅरेरा’ हे घड्याळ १९६३ मध्ये बाजारात आले. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत अवघा स्विस व्यवसाय डबघाईला आला. १९८५ मध्ये ‘टॅग’ या समूहाने हॉयर विकत घेतली आणि तबकडीवर ‘टॅग हॉयर’ अशी अक्षरे उमटली. बुडत्या कंपनीला भांडवल मिळाले, याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु अकरा वर्षांनी, १९९६ मध्ये, याच कंपनीने ‘कॅरेरा’ पुन्हा बाजारात आणले, तेव्हा तबकडीवर नाव कोणते होते? केवळ ‘हॉयर’! जे नाव एकटे पुरेसे नाही असे ठरवले, तेच पुढे ‘वारसा’ म्हणून विकायला काढले.

दुसरे उदाहरण ब्राइटलिंगचे. २०१७ मध्ये या कंपनीची मालकी बदलली आणि २०१८ मध्ये बोधचिन्हाचे सुप्रसिद्ध पंख छाटले गेले. २०२२ मध्ये मात्र ‘नॅव्हिटायमर’च्या सत्तराव्या वर्षानिमित्त वैमानिकांच्या संघटनेचे जुने पंखधारी चिन्ह त्या घड्याळाच्या तबकडीवर सन्मानाने परतले. पंख छाटायचे तेव्हा ‘आधुनिकता’ आणि लावायचे तेव्हा ‘परंपरा’. या मखलाशीला काय म्हणावे?

या खेळात पैसा कोणाचा जातो, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे. नवे चिन्ह आले की दुकानाच्या कपाटातील जुन्या चिन्हाचा माल अडून राहतो. अधिकृत विक्रेत्याला उघडपणे सवलत देता येत नाही, म्हणून तो माल आडवाटेच्या व्यापाऱ्यांकडे वळतो आणि तेथे बऱ्याच कमी भावात खपतो. तो भाव जगजाहीर झाला की आदल्या वर्षी पूर्ण किंमत मोजणाऱ्याच्या घड्याळाचे मोलही उतरते. पुढे दहा-वीस वर्षांनी तेच चिन्ह दुर्मीळ होऊन भाव चढलाच, तर लाभ होतो तो पडत्या काळात स्वस्तात गोळा करून ठेवणाऱ्यांचा. मूळ ग्राहकाने ते कधीच मातीमोलाने विकलेले असते.

भाव टिकवण्यासाठी हा व्यवसाय कोणत्या थराला जातो, तेही पाहा. कार्टियेसारख्या कंपन्यांची मालकी असलेल्या रिशमाँ समूहाने २०१८ पर्यंतच्या दोन वर्षांत सुमारे ४८ कोटी युरोंची न खपलेली घड्याळे परत घेतली आणि त्यांतील बरीचशी मोडीत काढली. तेथे निमित्त नामांतराचे नव्हते, साठून राहिलेल्या मालाचे होते. पण हेतू एकच, स्वस्तात कोणाच्या हाती लागू नये! फ्रान्सला २०२० मध्ये न खपलेल्या वस्तू नष्ट करण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

आपणही यापासून दूर नाही. एके काळी येथील मध्यमवर्गाच्या मनगटावर मिरवलेली ‘फेव्हर ल्युबा’ २०११ मध्ये टायटनने घेतली, २०१६ मध्ये तिचा नवा अवतार झाला, २०२३ मध्ये ती इथॉस समूहाकडे गेली आणि २०२४ मध्ये आणखी एक अवतार झाला. प्रत्येक अवतारात भांडवल एकच: आपल्या वाडवडिलांनी त्या नावावर ठेवलेला विश्वास. जुन्या नावाला असे मोल आले की नकलाकारांचेही फावते. तबकडी नव्याने रंगवून जुने म्हणून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

कोणी विचारील, स्वतःचे नाव बदलण्याचा अधिकार कंपनीला नाही काय? अवश्य आहे. नाव कंपनीचे आहे. पण त्या नावाची पत ग्राहकाने रोख पैसे मोजून उभी केली आहे. तेव्हा बदलाबरोबर कर्तव्येही आलीच. बदल ठरला असेल तर तो विक्रीपूर्वी सांगावा, जुन्या घड्याळांचे सुटे भाग व दुरुस्ती ठरावीक वर्षे पुरवण्याची लेखी हमी द्यावी आणि उरलेला माल मोडीत काढण्याऐवजी उघडपणे सवलतीत विकावा. ग्राहकानेही डोळे उघडे ठेवावेत. आपल्याकडील २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर कमाल किंमत आणि महिना-वर्ष छापावे लागते. ते वाचल्यावाचून खिशात हात घालू नये. ‘ही गुंतवणूक आहे’ असे विक्रेता म्हणाला, तर ‘उद्या हेच घड्याळ तुम्ही किती रुपयांना परत घ्याल?’ एवढेच त्याला विचारावे. घड्याळाची खरी किंमत त्या उत्तरात कळेल.