मान वळवताच अंधारी येते काय?



ट्रॅक्टर हाकताना नांगराचे तास सरळ पडते की नाही, हे पाहायला दिवसभर मान मागे वळवावी लागते. बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही. पण एखाद्याला ठरावीक बाजूला मान पूर्ण वळवली की डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो, एकाची दोन दिसतात. मान सरळ केली की बरे वाटते. हे 'ऊन लागले' म्हणून सोडून देऊ नका.

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या रक्तवाहिन्या मानेतून वर जातात. दोन पुढून, दोन मागून. मागच्या दोन मणक्यांच्या भोकांतून ओवल्यासारख्या जातात. मान वळवली की बहुधा वरच्या दोन मणक्यांपाशी विरुद्ध बाजूची वाहिनी ताणली जाते. एक पाट तुंबला तरी दुसऱ्या पाटाने वाफा भिजतो, तसे दुसरी वाहिनी काम भागवते. मात्र ती जन्मतः बारीक किंवा बंद असेल, तर मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कमी पडते. तिरंदाजीच्या सरावात असा झटका आलेल्या रुग्णाची हकीकत १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. म्हणून डॉक्टर याला 'तिरंदाजाचा झटका' म्हणतात.

हा विकार विरळा आहे. चक्कर बहुधा कान, रक्तदाब किंवा अंगात रक्त कमी असल्याने येते. अंथरुणात कूस बदलताना गरगरते, ते बहुतेक वेळा कानाचे दुखणे असते. तेव्हा घरीच निदान करू नका. कोणत्या बाजूला वळल्यावर, किती वेळ त्रास होतो, हे डॉक्टरांना नेमके सांगा. मान वळवून रक्तवाहिनीची तपासणी करता येते.

तोवर एवढे पाळा :

१) त्रास होतो का, हे पाहायला मुद्दाम मान वळवू नका.

२) तपासणी होईपर्यंत ट्रॅक्टर चालवू नका, झाडावर चढू नका, विहिरीच्या काठावर उभे राहू नका.

३) मागे पाहायचे तर खांद्यासकट सगळे अंग वळवा.

४) हजामतीनंतर मान कडकन मोडून घेण्याची सवय सर्वांनीच सोडावी. त्या हिसक्याने रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटू शकते.

५) विडी-तंबाखू सोडा, रक्तदाब तपासून घ्या.

घरच्या माणसांनो, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले किंवा एकाएकी उभे राहवेना, तर लगेच १०८ वर फोन करून गाडी बोलवा. थोड्या वेळात बरे वाटले तरी दवाखाना टाळू नका. गाठ विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.