जुनी सीडी वाचता येणे हाही विज्ञानाचाच भाग आहे

"सर, ही फाइल उघडतच नाही." गेल्या उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थिनीने हे सांगितले, तेव्हा मला ती किरकोळ अडचण वाटली. फाइल २००५ च्या सुमारास घेतलेल्या मोजमापांची होती. चुंबकीय क्षेत्रात एका ऑक्साइडचा विद्युतरोध कसा बदलतो, याची ती मोजमापे. शोधनिबंधात त्यांचा आलेख छापलेला होता, पण तिला हवे होते ते आलेखामागचे आकडे. ज्या संशोधकाने ते मोजले तो केव्हाच बाहेर पडला होता. जाण्यापूर्वी त्याने शहाणपणाने सगळ्या सीडींच्या डिस्क-प्रतिमा करून हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. काहींचे एक्स्टेन्शन एनआरजी, काहींचे एमडीएफ, काहींचे आयएमजी. जतन झाले होते, वाचन मात्र अशक्य होऊन बसले होते.

विद्यार्थिमित्रांनो, या प्रसंगातून मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगतो. सार्वजनिक पैशातून मिळवलेली विदा खाजगी साच्यात अडकून राहू देणे ही कारकुनी हयगय नव्हे, ती वैज्ञानिक चूक आहे. ती दुरुस्त करायला बहुतेक वेळा एक संध्याकाळ आणि एका ओळीची आज्ञा पुरते.

डिस्क-प्रतिमा म्हणजे संपूर्ण सीडीची एकाच फाइलमध्ये उतरवलेली नक्कल. सीडीवरची माहिती २३५२ बाइटच्या खंडांत लिहिलेली असते. नेहमीच्या विदा-सीडीत त्यांपैकी २०४८ बाइट आपल्या कामाचे. उरलेल्यांत १२ बाइट खंडाची सुरुवात ओळखण्यासाठी, ४ बाइट पत्ता व प्रकार सांगण्यासाठी, ४ बाइट चूक पकडण्यासाठी, २७६ बाइट चूक सुधारण्यासाठी आणि ८ बाइट रिकामे. आयएसओ प्रतिमेत केवळ ते २०४८ बाइट एकापुढे एक ठेवलेले असतात. त्यांच्यातील फाइलींची मांडणी ज्या नियमाने होते, ते आयएसओ ९६६० हे १९८८ चे आंतरराष्ट्रीय मानक. ते जाहीर आहे, कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. म्हणूनच विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणाली ते वाचतात.

क्लोनसीडीची आयएमजी फाइल मात्र पूर्ण २३५२ बाइट साठवते. एनआरजी हा नीरोचा साचा स्वतःची नोंद फाइलच्या शेवटी जोडतो, आणि त्यात खऱ्या मजकुरापूर्वी अनेकदा १५० खंडांची, म्हणजे ३,०७,२०० बाइटची, रिकामी जागा असते. म्हणूनच एक्स्टेन्शन बदलून आयएसओ लिहिले म्हणजे रूपांतर झाले, असे होत नाही. पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही.

रूपांतरासाठी लिनक्सवर छोटी, मुक्त साधने आहेत: आयएमजीसाठी सीसीडी-टू-आयएसओ, नीरोसाठी एनआरजी-टू-आयएसओ, एमडीएफसाठी एमडीएफ-टू-आयएसओ, बिन आणि क्यू या जोडीसाठी बीचंक. कमांड लाइनवर साधनाचे नाव, मूळ फाइल आणि नव्या फाइलचे नाव लिहायचे (बीचंकला मध्ये क्यू फाइलही द्यावी लागते), एवढेच. कमांड लाइनचा आग्रह मी जुनाट हौस म्हणून धरत नाही. माउसच्या टिचक्यांची नोंद उरत नाही. आज्ञा मात्र प्रयोगवहीत उतरवता येते, दुसऱ्याला तपासता येते आणि दोनशे फाइलींवर जशीच्या तशी चालवता येते. पद्धत लिहून ठेवणे हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा, तो इथेही लागू आहे.

रूपांतरानंतरची पडताळणी त्याहून महत्त्वाची. आयएसओ प्रतिमेत ३२,७६९ व्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) सीडी००१ ही पाच अक्षरांची खूण सापडली पाहिजे. ती ३७,६४९ वर सापडली, तर हाती अजून कच्ची प्रतिमाच आहे असे समजावे. नंतर प्रतिमा केवळ वाचनासाठी जोडून आतील फाइली उघडून पाहाव्यात आणि शा-२५६ ठसा काढून तो नोंदवावा. मूळ प्रतिमा पुसू नये, कारण चूक पकडणारे बाइट रूपांतरात गळून पडतात. शिवाय गाण्यांचे ट्रॅक किंवा उपवाहिनीतील माहिती आयएसओमध्ये मावतच नाही. आमच्याकडील दोन प्रतिमा मुळातच अर्धवट निघाल्या. पडताळणी केली नसती, तर हे आम्हाला कळलेही नसते.

हा प्रश्न एका प्रयोगशाळेपुरता नाही. नोएडातील विज्ञान प्रसार ही विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची संस्था १९८९ पासून पुस्तके, चित्रपट, प्रयोगसंच आणि सीडी यांतून विज्ञान लोकांपर्यंत नेत होती. २०२३ मध्ये ती बंद झाली. संस्था बंद करण्याचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. पण संस्था उरत नाही तेव्हा तिचे काम शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या कपाटांतूनच उरते, याबद्दल वाद नसावा. नव्या लॅपटॉपना तर सीडी ड्राइव्हच नसतो.

काळजी घेतली तर काय मिळते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यात खोडदजवळ आहे. तेथील जीएमआरटी दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाचे सर्वेक्षण केले. ती निरीक्षणे दुर्बिणीच्या स्वतःच्या एलटीए साच्यात होती. पण ती संग्रहात टिकली होती, आणि ती फिट्स या खगोलशास्त्राच्या सर्वमान्य साच्यात नेणारी कमांड लाइनवरची साधने उपलब्ध होती. पुढे नव्या पद्धतीने त्याच विदेवर पुन्हा प्रक्रिया झाली आणि २०१७ मध्ये सुमारे ३६,९०० चौरस अंश आकाशातील सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. दुर्बीण पुन्हा न वळवता जुन्या आकड्यांतून नवे विज्ञान निघाले.

"क्लाउडवर टाकले की झाले," असे अनेक सहकारी म्हणतात. क्लाउड बाइट सांभाळतो, त्यांचा अर्थ सांभाळत नाही. न उघडणारी फाइल तिथेही न उघडणारीच राहते. "वेळ कुठे आहे?" हा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. या कामातून शोधनिबंध निघत नाही, बढतीच्या अर्जात त्याला रकाना नाही. म्हणूनच ते व्यक्तीच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही. २०१२ च्या राष्ट्रीय विदा-सहभाग धोरणाने सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली विदा यंत्राला वाचता येईल अशा रूपात खुली व्हावी, ही दिशा दिलेलीच आहे. निधी देणाऱ्यांनी प्रकल्पाच्या अंतिम अहवालासोबत मूळ विदा खुल्या साच्यात आणि ठशांच्या यादीसह मागावी. प्रत्येक विभागाने एक चालू सीडी ड्राइव्ह आणि ती वापरता येणारा एक माणूस राखावा.

आमच्या विद्यार्थिनीला अखेर आकडे मिळाले. तिचा नवा नमुना जुन्यापेक्षा वेगळा वागतो, असे आम्हाला आलेखावरून वाटत होते. आकडे शेजारी ठेवल्यावर कळले की फरक नमुन्यात नव्हता, जुना आलेख काढताना एकक चुकले होते. वीस वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त करता आली, कारण वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडता आली. तुमच्या विभागातले कपाट या सुट्टीत एकदा उघडून पाहा.