डुलणारी जीप आणि उचंत खाते

तेरीज जुळली नाही की कच्चा कारकून काय करतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकतो, दोन्ही बाजू सारख्या करतो आणि डबा उघडून जेवायला बसतो. चूक होती तिथेच राहते. आमच्या जीपच्या बाबतीत दोन वर्षे नेमके हेच चालले होते. आणि आपल्या भागात जुन्या जीपा बाळगणाऱ्या पुष्कळांच्या घरी हेच चालते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या उचंत खात्याचे नाव ‘शॉकअप’.

आमचे गाव जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे. मलप्रभेच्या उगमाजवळ राहणाऱ्यांना पाऊस म्हणजे काय आणि पावसानंतरचा रस्ता म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. जीप १९८७ सालची. आजोबांनी घेतली तीच मुळी जुनी. भाताची पोती, खताच्या गोणी, गणपती, बाळंतपणाला निघालेल्या शेजारणी, सगळ्यांना तिने बेळगाव दाखवले. दोन वर्षांपूर्वी मात्र ती डुलू लागली. सरळ रस्त्यावर मागून कोणी ढकलल्यासारखी शेपटी हलवायची. आजीला डोळे तपासायला नेताना एका वळणावर मागचा भाग असा सरकला, की आजीने दांडी धरून सगळे देव आठवले. त्यानंतर तिने जीपमध्ये पाय ठेवला नाही. एसटीच्या गर्दीत चढण्याचे तिचे वय नाही, त्यामुळे डोळ्यांच्या दोन तारखा हुकल्या.

गॅरेजमध्ये नेले, शॉकअप बदलले. आठवडाभर बरे वाटले, पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजमध्ये नेले, तिथेही शॉकअप! शेवटी बाबा म्हणाले, “मोडीत काढू या.” भंगारवाला येऊन भावही सांगून गेला.

बेळगावात पाटे बनवणारे एक वयस्क कारागीर आहेत. त्यांना मराठी चांगले येते, पण रागावले की ते कन्नडवर येतात. मी जाऊन ऐटीत विचारले, “काका, कोणते शॉकअप घालू?” ते म्हणाले, “मोदल नोडु, आम्याल बिच्चु.” म्हणजे आधी बघ, मग खोल. या चार शब्दांत जे होते ते मला दोन बिलांत मिळाले नव्हते.

त्यांनी समजावलेली गोष्ट साधी आहे. शॉकअपचे काम पाट्यांची उसळी मारण्याचे. जीपचा कोपरा जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर शॉकअप ठीक, नाचत राहिला तर गेला. पण आक्सलला जागेवर धरून ठेवण्याचे काम शॉकअपचे नव्हेच. या जातीच्या जीपला ते पाटेच करतात. पाट्यांना धरतात यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकल आणि त्यातले रबरी बुश. यातले एक जरी ढिले झाले तरी आक्सल आडवा सरकतो, मग वर शॉकअप कितीही नवा असो.

तेव्हा घरी येऊन मी काही न खोलता फक्त बघितले. प्रथम चारही टायरांतली हवा, कारण ती बघायला पैसे पडत नाहीत. एका टायरात निम्मीच होती! मग जॅक लावून, खाली लाकडी ठोकळे सरकवून, प्रत्येक चाक वरखाली आणि आडवे हलवून पाहिले. बेअरिंग ठीक निघाले. जीप जमिनीवर ठेवून धाकटी बहीण स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत बसली आणि मी खाली पडून टायरॉडचे सांधे बघितले. (तिने मध्येच हॉर्न वाजवला, तो माझ्या कपाळावरच्या टेंगळाचा इतिहास.) मग पहारीने शॅकल उचकून पाहिले. मागच्या डाव्या बुशात रबर उरलेच नव्हते, बोल्ट मोकळा खुळखुळत होता.

खरा चोर पुढेच सापडला. अंगणात पाणी ओतून ओल्या मातीवरून जीप सरळ नेली. आमच्या जीपची मागची चाके पुढच्या चाकांच्या खुणांवरूनच जायला हवीत, पण ती एका अंगाला पडली होती. जीप खेकड्यासारखी तिरकी चालत होती! टेपने दोन्ही बाजूंचे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर मोजले, तर डावीकडे दीड सेंटिमीटर जास्त. सेंटर बोल्ट तुटला होता, यू-बोल्ट सैल होते आणि आक्सल हळूहळू मागे सरकला होता. दोन गॅरेजांत गाडी गेली, पण टेप कोणीच लावली नाही. मोजण्याचे बिल करता येत नाही, नव्या सुट्या भागाचे करता येते. हे अर्थशास्त्र मला वर्गाबाहेर कळले.

नवे बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट मिळून शॉकअपच्या एका जोडीपेक्षाही कमी खर्च आला. काकांची एक ताकीद मात्र विसरू नये: बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते जीपचा भार चाकांवर असताना. चाके लोंबकळत असताना आवळले तर जीप खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. यू-बोल्टही काही दिवस चालवून पुन्हा आवळावे लागतात.

काही मित्र म्हणतील, जुने ते सोने करत बसायचे कशाला? माझा तसा हट्ट नाही. ज्या लष्करी जीपचे हे वंशज, ती १९४१ पासून मोठ्या संख्येने बनू लागली; तिच्या पुढच्या-मागच्या आक्सलांमधले अंतर ८० इंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधले जेमतेम चार फूट. अशी आखूड, अरुंद, उंच गाडी थोडी डुलणारच. चिखलासाठी जन्मलेली गाडी महामार्गावर पळवून तिला दोष देणे बरोबर नाही. उलट काही हौशी लोक लांब शॅकल आणि थोराड टायर लावून तिला आणखी उंच करतात, टपावर ओझे लादतात आणि मग डुलते म्हणून ओरडतात. त्यांच्याविषयी मला सहानुभूती नाही.

वाणिज्य शाखेत आपण घसारा काढायला शिकतो. वहीत आमच्या जीपची किंमत केव्हाच शून्यावर आली असती. पण वहीतला घसारा दरवर्षी ठरल्या टक्क्याने होतो आणि खरा घसारा एका बुशात, एका बोल्टवर होतो. तो कुठे झाला हे न बघता अख्खी गाडी मोडीत काढायला निघालेले आम्ही, आणि शॉकअप बदलणारे ते, सारखेच.

भंगारवाल्याला बाबांनी चहा पाजून परत पाठवले. गेल्या महिन्यात आजी पुढच्या सीटवर बसून दवाखान्यात जाऊन आली. वळणावर तिने दांडी धरली, पण देव दोनच आठवले. स्टेअरिंग बॉक्समध्ये थोडा प्ले अजून आहे, तो दिवाळीच्या सुट्टीत बघणार आहे.