आडात नाही ते पोहऱ्यात कुठून?

पेट्रोलचे भाव भडकले की पेट्रोल वाचविण्याच्या युक्त्यांचाही बाजार तेजीत येतो. 2008 साली तेलाचे भाव जगभर कडाडले, तेव्हा अमेरिकेत हायड्रोजनच्या पेटीचा असाच बोलबाला झाला. मोटारीच्या विजेवर पाण्याचे पृथक्करण करावयाचे, निघालेला हायड्रोजन व प्राणवायू इंजिनात जाणाऱ्या हवेत सोडावयाचा आणि निम्म्याने अधिक मैल पळावयाचे, असा तो दावा. ही पेटी आजही विकली जाते. म्हणून टॅक्सी व टेम्पोचालकांच्या संघटनांत काम करणाऱ्यांनी तिचा जमाखर्च एकदा मांडून पाहिला पाहिजे.

मोटारीतील वीज फुकट नसते. ती पेट्रोलमधूनच येते. पेट्रोलमधील ऊर्जेचे 100 घटक धरले तर इंजिनाच्या दांड्यापर्यंत साधारण 25 पोचतात. ते सारे विजेसाठी वापरले तर जनित्रातून सुमारे 13 बाहेर पडतात, पाणी फोडताना त्यांचे 8 होतात, आणि तो वायू पुन्हा त्याच इंजिनात जाळला की हाती 2 उरतात. पंचवीस देऊन दोन घेण्याच्या या व्यवहारास बचत कोण म्हणेल?

विक्रेत्यांचे उत्तर मात्र चतुर असते. हायड्रोजन हे इंधन नव्हे, त्यामुळे पेट्रोल पूर्ण जळते, असे ते सांगतात. वस्तुतः सुस्थितीतील आधुनिक इंजिनात न जळता जाणारे पेट्रोल दोनेक टक्केच असते. खरी हानी धुराड्यातून व रेडिएटरमधून जाणाऱ्या उष्णतेची आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने हायड्रोजन मिसळून विरळ मिश्रणावर इंजिने चालविली व कार्यक्षमता वाढलीही. परंतु तेथील हायड्रोजन इंधनापासूनच, मोठ्या प्रमाणावर काढलेला होता. वीस अँपिअरची पेटी 240 वॅट खाते. ताशी पाच लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे 44,000 वॅट. अर्ध्या टक्क्याहूनही कमी अशा या चिमूटभर वायूने कोणता चमत्कार घडावा?

2009 मध्ये ‘हायड्रो असिस्ट फ्यूएल सेल’ विकणाऱ्यांना अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने न्यायालयात खेचले. तेथील पर्यावरण संस्थेने इंधन वाचविणारी म्हणविली जाणारी शंभरावर साधने तपासली. लक्षणीय बचत करणारे एकही निघाले नाही.

तरीही ‘मला फरक पडला’ असे सांगणारा चालक खोटे बोलत नसतो. पैसे घातल्यावर तो गाडी जपून हाकतो, चाकांतील हवा पाहतो. काही पेट्यांबरोबर तर प्राणवायू मोजणाऱ्या संवेदकास फसविणारे यंत्रही येते. त्यामुळे पेट्रोल कमी सुटते खरे, पण ती काटकसर हायड्रोजनची नव्हे, आणि तिची किंमत इंजिन मोजू शकते.

या भाबडेपणास हसण्याचा अधिकार निदान राज्यकर्त्यांस नाही. 2014 च्या प्रारंभी पेट्रोलवरील केंद्रीय अबकारी कर लिटरमागे 9.48 रुपये होता. मे 2020 मध्ये, कच्चे तेल कोसळले असताना, तो 32.98 झाला. पुढे त्यात कपात झाली, तरी स्वस्त तेलाचा लाभ ऐन वेळी तिजोरीने घेतला आणि चालकाच्या वाट्यास ही पेटी आली.

पुराव्याचा भार विकणाऱ्यावर असला पाहिजे. पुण्यात मोटारींच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. तीच गाडी, तोच वेग, पेटी जोडून व काढून, अशी मोजणी विक्रेत्याच्या खर्चाने व्हावी आणि निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध व्हावा, ही मागणी संघटनांनी परिवहन खात्याकडे लेखी करावी. तोवर आपल्या मेळाव्यांत अशा पेट्यांच्या विक्रेत्यांस टेबल मांडू देऊ नये.