उंबरठ्याच्या आतले उपचार

पक्षाघातानंतर हालचाल परत येण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, आणि त्यातला बराच काळ रुग्ण घरीच असतो. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड या गावाचेच उदाहरण घ्या. सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालये मात्र थेट वर्ध्याजवळ. मजुरी बुडवून तिथे वरचेवर जाणे शेतमजुराच्या घराला परवडत नाही.

घरी येणारा फिजिओथेरपिस्ट आधी घर पाहतो: उंबरठ्याची उंची, सैल विणीची खाट, न्हाणीतली ओली फरशी, अंगणापलीकडचा संडास. रुग्णालयाच्या सपाट फरशीवर चालणारा माणूस सारवलेल्या उतारावर अडखळतो, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून खाटेवरून उठणे, तांब्या धरणे, संडासापर्यंत जाणे हाच व्यायाम. सर्वांत मोठे काम घरच्यांना शिकवण्याचे. लुळा हात ओढून रुग्णाला उठवल्यास खांद्याला इजा होते, आणि मायेपोटी नेमके तेच केले जाते.

2021 च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले. पण गावात थेरपिस्ट पोहोचायचा तर आरोग्य केंद्रात पद आणि हातात प्रवासखर्च हवा. ही तरतूद शासनाने करावी.